रसिक आणि दारुडे

आमच्या काही वाचकांस हा विषयच रुचणार नाही. जे मासिक घरातील लहानथोर मंडळी वाचतात त्यात स्कॉच आणि आयरिश व्हिस्कीच्या गुणदोषांची चर्चा कशाला, असे ते विचारतील. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, ही चर्चा त्यांच्याच दिवाणखान्यात येऊन बसलेली आहे. आमच्या लहानपणी एखाद्या सुशिक्षित घरात बाटली असलीच तर ती कापडात गुंडाळून, कपाटाच्या मागल्या खणात असे. आता ती काचेच्या कपाटात पुस्तकांच्या शेजारी उभी असते, आणि पुस्तकांपेक्षा अधिक हाताळलेली दिसते. बाटली पुढे आली याचे आम्हांस फारसे दुःख नाही. लपवून पिण्यापेक्षा उघड पिणे बरे. आमची तक्रार निराळी आहे. बाटलीबरोबर एक नवे पांडित्य घरात शिरले आहे, आणि त्या पांडित्याने स्वतःस 'रसिकता' असे नाव घेतले आहे. ते नाव त्यास शोभते की नाही, हे पाहणे मात्र साहित्याच्या मासिकाचे काम आहे.

गेल्या पौषात कुंभारी येथे आमच्या एका मित्राच्या मळ्यात हुरड्याचे आमंत्रण होते. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणारे हे गाव अलीकडे बहुतेकांस ठाऊक झाले आहे ते विडी कामगारांच्या वसाहतींमुळे. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ साली येथे कामगारांच्या हाती आली आणि रे नगरच्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. मित्राचा मळा या वस्तीपासून फार दूर नाही. मंडळी म्हणजे एक वकील, एक डॉक्टर, एक प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, यजमान आणि आम्ही. यजमानांचा भाचा डब्लिनला नोकरीस असतो. त्याने दोन-तीन खेपांत आणून मामांकडे साठविलेल्या सहा बाटल्या, तीन स्कॉच आणि तीन आयरिश, त्या रात्री उघडावयाच्या होत्या. हुरडा हे निमित्त होते.

पेले येण्यापूर्वीच सिद्धान्त आले. वकीलसाहेबांनी सांगितले की, धूर लागतो ती स्कॉच आणि लागत नाही ती आयरिश. हा भेद शेंबडे पोरही ओळखील. प्राध्यापकांनी त्यास तत्त्वज्ञानाची जोड दिली. स्कॉटलंडच्या डोंगराळ माणसाचा कठोरपणा त्याच्या मद्यात उतरला आहे, आणि आयर्लंडच्या हिरव्या कुरणाचे मार्दव तेथील मद्यात. स्कॉच दोनदा गाळतात, आयरिश तीनदा, म्हणून ती मऊ. डॉक्टरांनी मध, ओले चामडे, भाजलेला बदाम, समुद्री शेवाळ असे पंधरा-वीस वास मोजून दाखविले. आम्ही मनात म्हटले, आमच्या अलंकारशास्त्रकारांनीही एवढे भेद एका बैठकीत सांगितले नसतील.

भाचा हे सारे मुकाट्याने ऐकत होता. तो आत गेला आणि सहा-सहा लहान पेले, त्यांच्या तळाशी आकडे लावून, घेऊन आला. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या. म्हणाला, "काका, आधी सांगा, मग बघा."

पुढे झाले ते आम्ही कोणाच्या चेष्टेसाठी लिहीत नाही, कारण त्या पंक्तीत आम्हीही होतो. तिसऱ्या पेल्यास पाचांपैकी चौघांनी निःशंकपणे आयरिश ठरविले; ती निघाली ग्लासगोजवळची ऑखेंटॉशन. ही स्कॉच असूनही तीनदा गाळतात, आणि धुराचा तीस स्पर्श नसतो. पाचव्या पेल्याचा वास घेताच वकीलसाहेब म्हणाले, "ही इस्ले बेटावरची, दवाखान्याचा वास लपत नाही." ती निघाली कॉनेमारा. ही आयरिश असून दोनदाच गाळतात, आणि तिचे सातू पीटच्या धुरावर वाळविलेले असतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून घट्ट झालेली वनस्पतींची माती. ती वाळवून जाळतात. आयर्लंडात तिला तोटा नाही, म्हणून तेथे पूर्वीही ती चुलीत आणि भट्टीत जळतच होती. खरी इस्लेची लाफ्रॉइग दुसऱ्या पेल्यात होती. वकीलसाहेबांनी तीही ओळखली, पण एकाच बैठकीत इस्लेच्या दोन असू शकत नाहीत म्हणून ते घोटाळ्यात पडले. जेम्सन, बुशमिल्स आणि एक प्रसिद्ध मिश्र स्कॉच या तिन्हींत तर कोणासही थारा लागला नाही. आम्हांस सहापैकी दोन ओळखता आल्या, आणि त्यांपैकी एक अंदाजाने.

इतक्यात बाहेरून आगटीवरचा हुरडा आला. मळ्यावर बरीच वर्षे काम करणाऱ्या एक आजी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजून, हातावर चोळून, पाखडून देत होत्या. निवृत्त गृहस्थांनी मूठभर तोंडात टाकून तारीफ केली. आजी म्हणाल्या, "ह्ये कणीस इहिरीकडच्या तुकड्यातलं हाय, ह्येला पानी जास्त झालंय. गोडी खालच्या तुकड्यातल्यात. थांबा, देते." आणि दिले. फरक इतका स्पष्ट होता की, कोणी वाद केला नाही. आम्हांपैकी एकानेही आपण कोणत्या वाणाचा हुरडा खातो आहोत, सुरती की गूळभेंडी, हे तोवर विचारले नव्हते. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे त्या जिल्ह्यात जन्म काढलेले आम्ही लोक!

आता कोणी म्हणेल, पाच हौशी माणसे चुकली, त्यावरून रसिकता खोटी कशी? नुसत्या चुकण्यावरून नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. अभ्यासाने जिव्हा तयार होते, आणि झाकलेल्या पेल्यांतून मद्ये ओळखणारी माणसे जगात आहेत. पण आमच्या मित्रांची चूक जिव्हेची नव्हती. त्यांनी पेला चाखलाच नाही. त्यांनी एक ऐकलेली गोष्ट चाखली. स्कॉच व आयरिश यांतील भेद माती, पाणी आणि राष्ट्रस्वभाव यांनी केला अशी ती गोष्ट आहे, आणि ती पुष्कळ अंशी खोटी आहे. तो भेद करण्यात मातीपेक्षा अबकारी खात्याचा हात मोठा आहे.

आयरिश भट्टीवाल्यांची जी खास पद्धत सांगतात, मोड आणलेल्या सातूबरोबर कच्चे सातूही घालावयाचे, ती बळावली १७८५ च्या सुमारास मोडाच्या सातूवर बसलेल्या करामुळे. कर चुकविण्यासाठी कच्चे धान्य घातले. त्याने मद्यास एक प्रकारची दाट, मसालेदार चव आली. पुढे ती चव म्हणजेच परंपरा ठरली. पुढची हकीकत तर याहून मौजेची आहे. सतत चालणारी, स्वस्तात पुष्कळ मद्य काढणारी उभ्या स्तंभाची भट्टी १८३० साली पेटंट केली ती ईनिअस कॉफी याने. हा आयर्लंडातील अबकारी खात्याचा अधिकारी होता. डब्लिनच्या मोठ्या भट्टीवाल्यांनी ती हिणकस म्हणून नाकारली. स्कॉटलंडने ती उचलली, तिच्यातील हलके मद्य आपल्या जड मद्यात मिसळले, आणि त्या मिश्रणावर जग जिंकले. असल्या मिश्रणास व्हिस्की म्हणावे की नाही, यावर इंग्लंडात मोठा वाद होऊन अखेर १९०९ साली एका शाही आयोगाने म्हणावे असा कौल दिला. इकडे आयरिश धंदा अमेरिकेच्या १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने आणि इतर कारणांनी खचत गेला. १९६६ साली उरलेल्या कंपन्यांस एकत्र यावे लागले, आणि १९७५ नंतर काही वर्षे त्या साऱ्या बेटावर दोनच भट्ट्या चालू होत्या. तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी ज्यास हिरव्या कुरणाचे मार्दव म्हटले त्यात कुरण किती, कराचा कायदा किती आणि दिवाळखोरी किती, याचा हिशोब त्यांनी एकदा करावा.

हा इतिहास आम्ही मौजेखातर सांगत नाही. त्याचे एक पान आमच्या घरचे आहे, आणि ते रसिक मंडळी कधीच उलटत नाहीत.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मद्य गाळणारे बहुतेक चोरटे होते. १८२३ च्या कायद्याने त्यांस मार्ग दाखविला: जकात निम्म्याहून कमी केली, परवान्याची फी परवडेल अशी ठेवली. ग्लेनलिव्हेटचा जॉर्ज स्मिथ याने पुढच्याच वर्षी परवाना काढला. शेजारचे चोरटे भट्टीवाले आपणास जाळतील या भयाने तो पुढे कित्येक वर्षे कमरेस पिस्तुले बाळगून हिंडे. आज त्याच्या दरीचे नाव बाटलीवर वाचून आम्ही नम्र होतो. त्याच साम्राज्याने मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा केला तो नेमका उलट दिशेचा. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू काढण्याचे काम मोजक्या ठिकाणी, सरकारच्या नजरेखाली आणि मक्तेदारांच्या हाती आणले. शिंदी-ताडीच्या झाडागणिक कर बसविला. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले घरात ठेवण्यावरही बंधने आली. मोहाचे फूल हे तेथील वनवासींचे अन्नही होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्याचा जाच कळेल. तेथे चोरट्याचा कारखानदार झाला; येथे घरी गाळणाऱ्याचा गुन्हेगार झाला. मोहाच्या दारूला ना पिंप मिळाले, ना वर्षे, ना तिची तुलना करणारी मित्रमंडळी. जी वस्तू पोलीस येण्यापूर्वी पिऊन संपवावयाची तिला बारा वर्षे मुरवील कोण?

स्वराज्यात हे उलटले असे म्हणावे, तर तसेही नाही. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. त्या कायद्याने परवाने दिले ते विलायती मद्यास. पुढे १९७३ च्या नियमांनी 'देशी' दारू परत आली खरी, पण तिच्यात देश किती आहे? साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेला मद्यार्क आणि त्यात वास व रंग, एवढीच बहुतेक तिची कुळकथा. आमच्या येथे व्हिस्की म्हणून खपणाऱ्या स्वस्त बाटल्यांतील मद्यार्कही पुष्कळदा मळीचाच असतो. युरोपात तो व्हिस्की या नावाने विकताही येत नाही, कारण तेथे व्हिस्की धान्याचीच असावी लागते. उसाच्या जिल्ह्यात बसून आम्ही हे पितो आणि सातूच्या गुणांवर बोलतो. आणि ज्यास खरोखर गावठी म्हणतात ती? ती काळ्या गुळाची आणि नवसागराची हातभट्टी. तिच्या धंद्यात विषारी रसायन शिरले म्हणजे काय होते ते जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे दिसले. शंभरावर माणसे मेली. कुंभारीच्याच तालुक्यातील मुळेगाव तांडा हातभट्टीसाठी वर्षानुवर्षे बदनाम होता. २०२१ साली सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' या नावाने अशा वस्त्या दत्तक घेऊन तेथील कुटुंबांस दुसरे व्यवसाय लावून देण्याचे काम हाती घेतले. हे काम चांगले झाले असे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. फक्त एवढेच मनात येते की, या तांड्यास कोणी १८२३ दिले नाही.

इकडे रसिकांचे मात्र बरे चालले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारने आयात स्कॉचवरील अबकारी कर तीनशे टक्क्यांवरून दीडशेवर आणला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी जो व्यापार करार झाला त्यात व्हिस्कीवरील दीडशे टक्के आयात शुल्क आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याचे ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये येथील देशी मद्यावरील कर मात्र राज्याने वाढविला. दारू महाग करावी हे म्हणणे आम्हांस समजते. पण स्कॉच स्वस्त करून देशी महाग करावी, यात नीती कोणती आणि आरोग्य कोणते, हे आम्हांस समजलेले नाही.

तरीही आमचा खरा रोष सरकारवर नाही; तो आमच्या बैठकीवर आहे. आपल्या राज्यात स्त्रियांनी मतदान करून गावचे दारूचे दुकान बंद करण्याची सोय आहे. लोक त्यास 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. त्या रात्रीच्या मंडळींपैकी एकाने अशा एका मतदानाच्या वेळी आडव्या बाटलीच्या बाजूने कळकळीचे भाषण केले होते. ते भाषण आम्ही ऐकले होते आणि ते खोटे नव्हते. पण त्या भाषणातला 'दारुडा' आणि बैठकीतला 'रसिक' यांच्यामध्ये कोणती रेषा आहे, हे विचारले तेव्हा उत्तर आले, "अहो, तो नशेसाठी पितो, आपण चवीसाठी." चव कितपत कळत होती ते पेल्यांच्या तळाच्या आकड्यांनी नुकतेच सांगितले होते, आणि नशा सहाव्या पेल्यानंतर कोणास किती होती ते आम्ही येथे लिहीत नाही. मळ्याच्या कुंपणापलीकडे, दिवसभर विड्या वळून बोटे काळी झालेल्या ज्या बायका राहतात, त्यांच्यापैकी जिच्या घरी मजुरी गुत्त्यात जाते तिला या रेषेचा काय उपयोग? तिला दारू एकच ठाऊक आहे. आमच्या घरातील स्त्रिया तसे म्हणत नाहीत, कारण त्यांस महिनाअखेर मोजावा लागत नाही. पण त्यांनीही काय काय मोजले असेल ते विचारण्याची रीत आमच्यात नाही.

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते १९१९ साली. त्यातील सुधाकर हमाल नव्हे, वकील आहे. आणि त्यातले आर्यमदिरामंडळ म्हणजे गुत्ता नव्हे, ती सुशिक्षितांची सभा आहे, ठराव करणारी. शंभर वर्षे आम्ही त्या मंडळास हसत आलो. त्याचे सभासदत्व आता वाढले आहे, एवढेच. ठरावांऐवजी गुणपत्रिका भरतात.

आमच्या वकीलमित्रांनी यावर आम्हांस पेचात धरले. "मग तुमचे म्हणणे काय? आम्ही स्कॉच सोडून मोहाची प्यावी?" नाही. आम्ही कोणास काहीच प्या म्हणत नाही. ज्या शहरातून आम्ही कुंभारीस गेलो त्या शहराचा या बाबतीतला हिशोब रक्ताचा आहे. ८ मे १९३० रोजी सोलापुरात रूपाभवानीच्या बाजूस शिंदीची झाडे तोडण्यास लोक गेले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, १२ मेपासून लष्करी कायदा पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर गेले. त्या कुऱ्हाडी झाडावर पडल्या तरी त्यांचा रोख त्या झाडाच्या करावर पोसलेल्या सरकारवर होता. त्यांच्या गावात राहून मद्यपानाचा प्रसार करण्याइतके आम्ही निर्लज्ज नाही. जो कोणी म्हणेल की दारू ती दारू, मग ती तीस रुपयांची असो की तीस हजारांची, त्याच्यापुढे आमचा वाद संपला. त्याचे म्हणणे निदान सरळ आहे. आमचा वाद आहे तो एका मद्यास संस्कृती आणि दुसऱ्यास व्यसन म्हणणाऱ्याशी. तुम्हांस जर खरोखर चव कळत असेल, तर ती बाटलीवरचा कागद काढल्यावरही कळली पाहिजे. आणि मद्य ही जर मातीची कला असेल, तर ती एका बेटाची असते व डहाणूच्या रानाची नसते, असे होणार नाही. शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळविले, आणि पुढे कायद्यात तिला वारशाचे मद्य म्हटले. तेथील लोक आपल्याहून अधिक पितात की कमी, हा प्रश्न वेगळा. आपल्या वस्तूस ते निदान शिवी देत नाहीत.

डॉक्टरांनी एक मुद्दा काढला तो मात्र आम्हांस सोडवत नाही. ते म्हणाले, "पन्नास-शंभर वर्षे हातभट्टीच बनत राहिली, मोहाची जुनी कला उरली आहे कोठे? तुम्ही ज्याचा अभिमान धरायला सांगता ते आता नाहीच." यात तथ्य आहे. हरवलेल्या वस्तूची तुलना जपलेल्या वस्तूशी करणे न्यायाचे नव्हे. परंतु ती हरवली कशी हे ज्यास माहीत नाही, त्याने जपलेल्या वस्तूपुढे एवढे लीन होणेही आम्हांस न्यायाचे वाटत नाही. स्कॉटलंडचे मद्य स्कॉटिश लोकांच्या स्वभावाने मोठे झाले आणि आमचे आमच्या स्वभावाने गटारात गेले, ही समजूत आमच्या सुशिक्षित घरांत पेल्यापेल्यातून भरली जाते, आणि ती चढलेली सकाळी उतरत नाही.

या पौषासाठी यजमानांचे पत्र आले आहे. भाचा पुन्हा येणार असून पेल्यांस आकडे लावण्याचे काम त्यानेच घ्यावे असे ठरले आहे. वकीलसाहेबही येणार आहेत, त्यांनी वर्षभर अभ्यास केला आहे असे कळते. आम्ही येण्याचे कबूल केले, पण एक सूचना कळविली. विहिरीकडचा, खालचा आणि शेजाऱ्याच्या शेतातला असा तीन ठिकाणचा हुरडा निरनिराळ्या फडक्यांत बांधून ठेवावा, आणि पेल्यांच्या आधी तो आम्हां साऱ्यांपुढे यावा. परीक्षक म्हणून आजींस बसवावे. यजमानांनी लिहिले आहे की, आजींस विचारले. त्या म्हणाल्या, बसते, पण सकाळी बोलवा, रात्री तुमच्या तोंडाला वास असतो.